भीमरावांची न्यूयॉर्कमधील तीन वर्षे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे निळा कोट, हातातील राज्यघटना आणि उंचावलेले बोट उभे राहते. गावोगावच्या चौकात तो पुतळा आपण पाहतो. परंतु या पुतळ्यातील माणूस एके काळी बावीस वर्षांचा एक परदेशी विद्यार्थी होता, खोलीच्या शोधात हिंडत होता, जेवण आवडत नाही म्हणून वसतिगृह बदलत होता आणि महिन्याच्या पैशांतून घरी किती पाठवावे याचा हिशेब मांडीत होता, हे सहसा आपल्या मनात येत नाही. आमच्या शाळेतील मुलांना मी इतिहास व नागरिकशास्त्र शिकवितो. घटना समितीचे वर्ष मुलांना पाठ असते, पण घटना लिहिणारा माणूस शिकला कसा, हे विचारले तर वर्ग गप्प बसतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या अमेरिकेतील विद्यार्थीजीवनाची हकिकत सांगावी असे वाटले.

हकिकतीची सुरुवात मात्र मुंबईतच करावी लागेल.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब दापोली, सातारा असे करीत मुंबईत परळच्या चाळीत आले. घर म्हणजे एकच खोली. त्याच खोलीत चूल, त्यातच माणसे, त्यातच सामानसुमान. मुलाने अभ्यास करावा कोठे व कधी? सुभेदारांनी यावर तोड काढली ती अशी : मुलाने लवकर झोपावे, रात्री दोन वाजेपर्यंत वडिलांनी जागे राहावे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हावे. चिमणी असलेल्या रॉकेलच्या दिव्याखाली पहाटेपर्यंत मुलाचा अभ्यास चाले. पुस्तकांसाठी पैसे नसले की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात आणि त्यांचा एखादा दागिना गहाण टाकीत. आपल्या वस्त्यांतही असे बाप आहेत. त्यांची चरित्रे मात्र कोणी लिहीत नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा. तेथेही अस्पृश्यता सुटली नाही. शिक्षकांनी एकदा फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी गलका केला आणि डबे बाजूला ओढले. संस्कृत घेण्याची भीमरावांची इच्छा होती. ते त्यांना नाकारण्यात आले. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली आणि बी.ए. पर्यंत फारसीच त्यांच्या सोबतीस राहिली. ज्या भाषेचे दोन-चार शेर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येतात, ती भाषा राज्यघटनेच्या या शिल्पकाराने आठ-दहा वर्षे अभ्यासली होती, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविले. ज्याने दार बंद केले त्याने एक दार बंद केले, एवढेच.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. हा आकडा मी मुद्दाम देतो. आजकाल दहावीला ऐंशी टक्के मिळाले तरी पालक तोंड पाडून बसतात. त्या काळी एका महार मुलाने मॅट्रिक होणे हीच गोष्ट एवढी मोठी होती की त्यासाठी सभा भरवून सत्कार करण्यात आला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर नावाचे एक शिक्षक आवर्जून बोलले. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवीत. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा एकटाच पुस्तक वाचीत बसलेला त्यांना दिसे, त्यावरून त्यांची ओळख झाली होती. केळुस्करांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. बागेत वाचीत बसलेला मुलगा तर शेकडो लोकांनी पाहिला असेल. जवळ जाऊन नाव विचारणारा एक शिक्षक निघाला, म्हणून पुढचे सारे घडले.

एल्फिन्स्टन कॉलेजमधून १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. तेथील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे. पण प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडे दिले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. तातडीने ते मुंबईकडे निघाले. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले आणि गाडी सुटून गेली. पुढची गाडी मिळून घरी पोहोचेपर्यंत सुभेदारांचा जीव केवळ मुलाच्या वाटेकडे डोळे लावून राहिला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी डोळे मिटले.

घरचा कर्ता गेला. पत्नी रमाबाई, काही आठवड्यांचा यशवंत, वडीलभावाचे कुटुंब, एवढा संसार समोर होता. अशा वेळी कोणी परदेशी शिकायला जाण्याचे मनात आणील काय? त्याच सुमारास बडोदे सरकार काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविणार असल्याचे कळले. महाराज तेव्हा मुंबईत होते. भीमराव त्यांना भेटले आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. ठरवून दिलेले विषय शिकावयाचे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, अशा अटी होत्या. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६, म्हणजे बरोबर तीन वर्षे. त्या वेळी एका पौंडाचे पंधरा रुपये होत, म्हणजे दरमहा सुमारे १७२ रुपये. परळच्या चाळीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. न्यूयॉर्कच्या मानाने ती बेताचीच होती आणि तीत दोन घरे चालवायची होती.

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठ हे शहराच्या वरच्या अंगाला, मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या उंचवट्यावर वसलेले आहे. मध्यभागी घुमटाची लो लायब्ररी आणि तिच्या रुंद पायऱ्या, भोवती विटांच्या इमारती. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण त्यांना मानवेना. पदार्थ अर्धेकच्चे वाटत आणि गोमांस सर्रास असे. आठवड्याभरात ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तेथे इतर हिंदी विद्यार्थी राहत असत. अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भाथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांची सोय लागली. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे १९२० साली अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा या भाथेनांनीच पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. वसतिगृहातील खोलीचा सोबती हा शिक्षणाचा केवढा भाग असतो, हे ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले त्यांना सांगावयास नको.

आता या मुलाची मनःस्थिती जरा कल्पून पाहू या. ज्याच्या स्पर्शाने डबे विटाळत होते तो येथे इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसत होता. नळ कोणी उघडायचा हा प्रश्न नव्हता. वर्गात तो हवा त्या बाकावर बसे, ग्रंथालयात हवे ते पुस्तक मागे आणि पुस्तक देणारा हात मागे घेत नसे. वाचणे, हिंडणे, आंघोळ करणे, झोपणे या साध्या गोष्टी माणूस म्हणून करता येणे हाच त्यांच्या दृष्टीने पहिला धडा होता व तो कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नव्हता. त्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. त्यात मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचे शिक्षण झाले तरच आपल्या समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असे आग्रहाने कळविले होते. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाने हे लिहावे आणि तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, ही गोष्ट आपल्यासारख्या मुलींच्या शाळांसाठी धडपडणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु अमेरिकेत सारे आलबेल होते, असे मात्र कोणी समजू नये. विद्यापीठाच्या टेकडीला लागूनच हार्लेम आहे. दक्षिणेकडील राज्यांतील जाचाला कंटाळून आलेली कृष्णवर्णीय माणसे त्याच वर्षांत तेथे वस्ती करू लागली होती. दक्षिणेत त्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेच या वेगळेपणाला कायदेशीर ठरविले होते. गुलामीत जन्मून शिक्षणसंस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन हे नोव्हेंबर १९१५ मध्ये वारले, तेव्हा भीमराव न्यूयॉर्कमध्येच होते. परदेशी विद्यार्थ्याला मिळणारी वागणूक आणि त्याच देशातील काळ्या नागरिकाला मिळणारी वागणूक यांत अंतर होते. हे त्यांनी मनात टिपून ठेवले असावे, असे पुढील एका गोष्टीवरून वाटते. तीस वर्षांनंतर, १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांच्या बांधवांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा व निग्रोंचा प्रश्न किती सारखा आहे, याचा उल्लेख त्या पत्रात होता. ड्यू बॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठविले.

अभ्यासाविषयी सांगावयाचे तर एक तक्ताच द्यावा लागेल. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक असे अभ्यासक्रम घेतले. बेरीज साठ होते. पदवीसाठी एवढ्यांची जरुरी होती काय? मुळीच नव्हती. पण माणूस भुकेला होता आणि वाढणारे हात चांगले होते. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन होते, कर व सार्वजनिक अर्थव्यवहार या विषयांत त्यांचा शब्द जगभर मानला जाई. इतिहासाला जेम्स शॉटवेल व जेम्स हार्वे रॉबिन्सन होते. समाजशास्त्राला गिडिंग्ज होते. मानववंशशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर होते. आणि तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते.

ड्यूई हे नाव आम्हां बी.एड. झालेल्यांना चांगले परिचयाचे. शिक्षणशास्त्राच्या पेपरात त्यांच्यावर हमखास प्रश्न येतो आणि आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करून विसरतो. त्यांचा 'लोकशाही आणि शिक्षण' हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे भीमराव ज्या वर्षांत त्यांच्या वर्गात बसत होते त्याच वर्षांत हा ग्रंथ तयार होत होता. लोकशाही म्हणजे केवळ मतपेटी नव्हे, ती माणसांनी एकमेकांबरोबर जगण्याची रीत आहे, हा विचार ड्यूई वर्गात मांडीत. जेथे माणसे एकमेकांशी मिसळतच नाहीत तेथे लोकशाही रुजावी कशी, हा प्रश्न भीमरावांना पुस्तकातून शिकावा लागला नसेल. तो घेऊनच ते आले होते. त्याला शास्त्राची भाषा त्यांना येथे मिळाली. पुढे त्यांच्या भाषणांतून व लेखांतून ड्यूईंचे विचार इतक्या सहजतेने येतात की कोठे गुरू संपतो आणि कोठे शिष्य सुरू होतो हे सांगणे कठीण जावे.

दिनक्रम कडक होता. ग्रंथालय उघडण्यापूर्वी दाराशी हजर व्हावे आणि बंद होताना शेवटी बाहेर पडावे. दिवसाकाठी अठरा तास अभ्यास चाले असे चरित्रकार लिहितात. नाटक-सिनेमे नाहीत, मेजवान्या नाहीत. जेवण म्हणजे एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाची किंवा माशाची एक बशी. भूक त्यापेक्षा मोठी होती, पण घरी रमाबाईंना पैसे पाठवावयाचे होते. आणि जे काही उरे ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. अशी घासाघीस करून घेतलेली सुमारे दोन हजार पुस्तके त्यांच्याजवळ जमली. निघताना ती मागाहून आणण्यासाठी एका परिचिताच्या हवाली केली. त्यांतील पुष्कळशी त्यांच्या हाती परत कधीच आली नाहीत.

इकडे मुंबईत रमाबाई काय करीत होत्या? त्यांच्याविषयी या काळात फार थोडे लिहिलेले सापडते. आलेल्या थोड्याशा पैशात त्या घर चालवीत होत्या, मूल सांभाळीत होत्या, अर्धपोटी राहत होत्या आणि नवरा शिकतो आहे याबद्दल तक्रार करीत नव्हत्या. न्यूयॉर्कमधील त्या साठ अभ्यासक्रमांच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांनी उचलला आहे. कोलंबियाच्या प्रमाणपत्रावर त्यांचे नाव नाही.

१९१४ च्या अखेरीस लाला लजपतराय अमेरिकेत आले. हिंदी विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढावे असा त्यांचा प्रयत्न असे. ग्रंथालयात सतत दिसणारा हा तरुण त्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी भीमरावांशी बोलणे केले. भीमरावांनी नम्रपणे सांगितले की आपण महाराजांच्या पैशावर व त्यांना दिलेल्या शब्दावर येथे आलो आहोत, तेव्हा आधी शिक्षण पुरे करू. काहींना हे उत्तर थंडपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. मुदतीतील एक एक दिवस ज्याने मोजून ठेवला आहे त्याचे ते उत्तर आहे. शिवाय देशातील आपल्याच माणसांकडून मिळालेल्या गुलामीचे काय, हा त्यांचा प्रश्न त्या चळवळीत कोणी विचारीत नव्हते.

जून १९१५ मध्ये त्यांना एम.ए. ही पदवी मिळाली. त्यासाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व अर्थव्यवस्था. बेचाळीस पानांचे छोटेसे लिखाण आहे, पण त्यात कंपनीचा हिशेब चोख मांडला आहे. कंपनीने हिंदुस्थान जिंकला तो हिंदुस्थानच्याच पैशाने, आणि १८५८ साली कंपनी गेली तेव्हा तिच्या भागीदारांना द्यावयाच्या रकमेचा बोजाही हिंदी तिजोरीवरच टाकला गेला, हे त्यांनी आकडेवारीने दाखविले. राजकारणात पडणार नाही म्हणणारा विद्यार्थी हे लिहीत होता!

त्यानंतरचा प्रसंग माझ्या मते या तीन वर्षांतील सर्वांत मोठा होय. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. जातींची घडण, उगम आणि वाढ असा त्याचा विषय. वय पंचवीस. समोर मानववंशशास्त्र शिकणारे परदेशी विद्यार्थी. हातात स्वतःच्या जन्माची कहाणी. पण त्या निबंधात स्वतःविषयी एक अक्षर नाही, एक हुंदका नाही. डबे नाहीत, फळा नाही, पाण्याचा नळ नाही. एखाद्या वैद्याने रोगाचे कारण शोधावे तसे त्यांनी कारण शोधले. जात म्हणजे आपल्या गटातच लग्न करण्याचे बंधन, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. गटाबाहेर लग्न होऊ द्यावयाचे नाही तर गटातील स्त्रियांची व पुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा आधी मेला तर मागे राहिलेल्या स्त्रीचे काय करावयाचे? एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळावयाचे, नाही तर जन्मभर विधवा ठेवावयाचे. बायको आधी मेली तर पुरुषासाठी लहान मुलगी शोधावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींचे मूळ त्यांनी असे एकाच ठिकाणी दाखविले. जातिभेद मनूने लादला ही समजूतही त्यांनी नाकारली. एका वर्गाने आपले दार लावून घेतले, इतरांनी त्याचे अनुकरण केले आणि ज्यांच्या तोंडावर दारे लागली ते बाहेर राहिले, अशी त्यांची उपपत्ती होती. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या मासिकात छापून आला.

मुलींच्या लग्नावर जातीची सारी इमारत उभी आहे, हे त्या निबंधातील म्हणणे वाचताना आपणही थोडे थांबावे. बिरादरी, खानदान, आपले-परके हे शब्द आपल्या घरांतील सोयरिकीच्या बोलण्यात कमी येतात काय?

जून १९१६ मध्ये हिंदुस्थानच्या राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंध त्यांनी पीएच.डी. साठी सादर केला. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. लंडनमध्ये पुढील अभ्यासासाठी त्यांनी मुदत मागितली, ती एका वर्षापुरती मिळाली. लंडनला जाऊन ते ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी दाखल झाले. वर्ष संपताच परत फिरावे लागले. युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले, समुद्रात जर्मन पाणबुड्या. ते मार्सेलिसहून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले. सामान व पुस्तके दुसऱ्या बोटीवर होती आणि ती बोट पाणबुडीने बुडविली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईत आली तेव्हा घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते सुखरूप मुंबईस उतरले. बुडालेल्या सामानाबद्दल थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली. त्यातील काही घरखर्चाला देऊन उरलेल्या पैशांतून त्यांनी बडोद्याचा प्रवास केला.

बडोद्यात काय घडले ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहावयास जागा मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघाले असता डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि जागा बाटविल्याबद्दल जाब विचारू लागले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करून ते बाहेर पडले. एक हिंदू मित्र व एक ख्रिस्ती मित्र अशा दोघांकडे त्यांनी आसरा विचारला. दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. मग रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सुमारे पाच तास ते तेथील कमाठी बागेत बसून राहिले.

एक पारशी न्यूयॉर्कमध्ये एका खोलीत बरोबर राहिला आणि बडोद्यात पारशांनीच काठ्या उगारल्या. तेव्हा कोणत्याही समाजाला सरसकट चांगले किंवा सरसकट वाईट म्हणण्यात अर्थ नाही. पण परदेशी चार वर्षांच्या आसपास राहून अस्पृश्यता अंगावरून गळून पडली असे वाटत असताना ती स्थानकावरच पुन्हा वाट पाहत उभी होती, हे त्यांना कसे वाटले असेल, याचा विचार केला म्हणजे मन सुन्न होते. दहा वर्षांच्या नोकरीचा करार त्या बागेतच संपला म्हणावयास हरकत नाही.

पीएच.डी. चे घोडे अडले होते ते छापील प्रतींवर. प्रबंध मान्य होऊनही तो छापून विद्यापीठाकडे प्रती दिल्यावाचून पदवी मिळत नसे, आणि छापावयास पैसे नव्हते. अखेर १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने काढला. प्रस्तावना गुरू सेलिग्मन यांनी लिहिली. अर्पणपत्रिका महाराज सयाजीरावांच्या नावे होती. बडोद्यात जे भोगले त्याचा राग त्यांनी महाराजांच्या उपकारावर काढला नाही. १९२७ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यापासून अकरा वर्षांनी. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन ते प्याले होते. त्या दिवशी महाडात अस्पृश्यांवर हल्ले झाले, तेव्हा अनेकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. महाडच्या बाजूचे आपले वाचक हे अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ते सांगावे.

यापुढील चरित्र सर्वांना ठाऊक आहे. शिक्षणाच्या दृष्टीने एवढेच नमूद करतो की १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादेस कॉलेज सुरू केले. सिद्धार्थ कॉलेजसाठी त्यांनी जमविलेली पुस्तके पाहिली म्हणजे न्यूयॉर्कच्या जुन्या दुकानांतून उपाशीपोटी पुस्तके घेणाऱ्या त्या विद्यार्थ्याची आठवण होते.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले. प्रकृती ढासळली होती, तरी ते विमानाने न्यूयॉर्कला गेले. लो लायब्ररीच्या त्या पायऱ्या छत्तीस वर्षांनी पुन्हा पाहावयाच्या होत्या आणि एका माणसाला भेटावयाचे होते. ते म्हणजे जॉन ड्यूई. ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. समारंभ ५ जूनला होता. ड्यूई १ जूनला वारले. ही बातमी कळल्यावर आपण किती हळहळलो ते बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून पत्नी सविताबाईंना पत्राने कळविले. आपले सारे बौद्धिक जीवन त्या गुरूचे ऋणी आहे, असे त्यांनी त्यात लिहिले होते. समारंभ आटोपून जूनच्या मध्यावर ते मुंबईस परतले.